मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर : एका फेरीचा इतिहास

मांडूचे भग्न महाल, महेश्वरचा घाट आणि ओंकारेश्वरचे बेट ही तीन ठिकाणे एकाच सहलीत गुंफण्याची रीत इंदूरच्या मराठी घरांत आज इतकी रुळली आहे की ती होळकरशाहीपासून चालत आली असावी असे वाटते. प्रत्यक्षात ही गोल फेरी मोटारीच्या काळातली आहे. त्याआधी मांडू एका वाटेवर होते, ओंकारेश्वर दुसऱ्या आणि महेश्वर तिसऱ्या. एका प्रवासात तिन्ही पाहणारा माणूस क्वचितच असे, आणि कुटुंबकबिला घेऊन तसा प्रवास करणारा तर राजाच असावा लागे.

याचे कारण भूगोलात आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर वसले आहे. पठाराच्या दक्षिण कडेला विंध्याचा कडा तुटतो आणि त्याच्या पायथ्याशी निमाड, म्हणजे नर्मदेचे खोरे पसरते. मांडू त्या कड्यावर, महेश्वर खाली नदीच्या उत्तर तीरावर आणि ओंकारेश्वर नदीच्या पात्रात. त्यामुळे प्रवास कुठूनही सुरू केला तरी एकदा कडा उतरावा लागतो, एकदा चढावा लागतो आणि मध्ये केव्हातरी नर्मदा ओलांडावी लागते. कोणता घाट गाड्यांना झेपतो आणि कोणत्या ऋतूत नदी पार होता येते, या दोनच गोष्टींनी मुक्कामांचा क्रम शतकानुशतके ठरवला. इंदूरच्या दक्षिण टोकाचे राजेंद्र नगर या दृष्टीने मोक्याच्या जागी आहे. स्वातंत्र्यानंतर वसलेल्या या वसाहतीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिच्या एका अंगाला आग्रा-मुंबई रस्ता आहे, तर तिचे छोटे रेल्वे स्थानक लोकमान्य नगर आणि राऊ यांच्या मध्ये, महूकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. घाटाकडे जाणाऱ्या दोन्ही ऐतिहासिक वाटा अशा दारावरूनच जातात.

या तीन ठिकाणांपैकी राजकीय वैभव सर्वांत आधी ओसरले ते मांडूचे. परमारांच्या काळात ते डोंगरी किल्ला होते. मुख्य पठारापासून काकडा खोह या खोल दरीने ते तुटलेले असल्यामुळे संरक्षणाला सोपे होते. १४०१ मध्ये माळव्याचा सुभेदार दिलावरखान घोरीने दिल्लीचे वर्चस्व झुगारले. त्याचा मुलगा होशंगशाह याने धारहून राजधानी मांडूला हलवली आणि शहराला शादियाबाद, आनंदनगरी, असे नाव दिले. पुढच्या सव्वाशे वर्षांत जामी मशीद, होशंगशाहचा संगमरवरी मकबरा, हिंडोळा महाल आणि दोन तलावांच्या मधला जहाज महाल अशा इमारती उभ्या राहिल्या. जहाज महालाची कल्पना पाण्याभोवतीच फिरते : कपूर तलाव आणि मुंज तलाव भरले की मधली लांबट इमारत तरंगणाऱ्या जहाजासारखी दिसते. म्हणजे मांडूतही एक बेट आहे, फक्त ते माणसाने घडवलेले आणि पावसावर अवलंबून असलेले. उन्हाळ्यात मांडू पाहून निराश होऊन परतणाऱ्यांची चूक इमारतींत नसते, महिन्यात असते. १५६१ मध्ये अकबराच्या सरदारांनी सारंगपूरजवळ माळव्याचा सुलतान बाजबहादूर याचा पराभव केला आणि मांडूचे राजधानीपण संपले. त्याची प्रिया रूपमती हिच्या कथेने मात्र त्या पराभवाला असे रूप दिले की पुढच्या प्रवाशांना लढाई विसरून फक्त प्रेमकहाणीच आठवू लागली.

मांडूला सहकुटुंब मुक्काम करण्याचा सर्वांत थाटाचा आणि सर्वांत नीट नोंदवलेला प्रवास जहांगीर बादशहाचा आहे. दख्खनच्या मोहिमेवर असलेल्या शहाजादा खुर्रमला पाठबळ देण्यासाठी तो अजमेरहून निघाला आणि मार्च १६१७ मध्ये मांडूला पोहोचला. आपल्या आठवणींत त्याने या प्रवासाचा हिशेब दिला आहे : चार महिने दोन दिवस, त्यांत ४६ दिवस चाल आणि ७८ दिवस मुक्काम. आधी माणूस पाठवून मांडूच्या जुन्या इमारती दुरुस्त करून घेतल्या होत्या आणि काही नव्या बांधल्या होत्या. त्यावर तीन लाख रुपये खर्च झाले. वाटेत उज्जैनजवळ क्षिप्रेच्या पात्रातल्या कालियादह महालाशी मुक्काम पडला आणि तिथून नावेने जाऊन बादशहाने जदरूप या संन्याशाची भेट घेतली. बेटावरचा महाल, नौकाविहार, साधुदर्शन आणि भग्न राजधानीत पावसाळा, असा हा बेत आजच्या कोणत्याही पर्यटन कंपनीच्या पत्रकात शोभेल. नूरजहाँने याच काळात सहा गोळ्यांत चार वाघ मारले आणि शब-ए-बारातच्या रात्री तलावांच्या काठावर दिव्यांची रोषणाई झाली.

त्याच छावणीत इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो होता आणि त्याचे अनुभव वेगळे आहेत. एवढ्या लवाजम्याला मांडूत पाणीच पुरत नव्हते. पाऊस सुरू होईपर्यंत लोकांचे हाल झाले आणि रोला एका पडक्या इमारतीत बिऱ्हाड करावे लागले. बादशहाच्या आठवणी आणि वकिलाची रोजनिशी शेजारी ठेवून वाचल्या तर एक गोष्ट लक्षात येते : तीन लाखांच्या तयारीत इमारतींचा विचार झाला, पाण्याचा पुरेसा झाला नाही. ऑक्टोबरात खुर्रम विजयी होऊन परतला, त्याला मांडूतच शाहजहान हा किताब मिळाला आणि दरबाराने तळ हलवला. शाहजहानच्या वास्तुकारांनी १६५९ मध्ये होशंगशाहच्या मकबऱ्याला भेट दिल्याचा लेख तिथल्या दारावर आहे. त्यावरून ताजमहालाची कल्पना इथूनच सुचली असे वाटाडे सांगतात. पण ताज तोपर्यंत बांधून झाला होता, एवढे ध्यानात ठेवले तर वाटाड्याचा राग येत नाही.

ओंकारेश्वरचे बेट या राजकीय धामधुमीपासून बाजूला होते, पण रिकामे कधीच नव्हते. नर्मदा आणि तिला येऊन मिळणारा कावेरी नावाचा प्रवाह यांच्या मध्ये मांधाता नावाची टेकडी उभी आहे आणि इक्ष्वाकू कुळातल्या मांधाता राजाने इथे तप केले अशी श्रद्धा आहे. बेटावर ओंकारेश्वराचे मंदिर, दक्षिण तीरावर ममलेश्वराचे. ज्योतिर्लिंग नेमके कोणते या वादात न पडता यात्रेकरू दोन्हीकडे माथा टेकतात. ममलेश्वराच्या भिंतीवर १०६३ सालचे कोरीव लेख आहेत आणि त्यांत शिवमहिम्न स्तोत्र कोरलेले आहे. दगडावर उतरवलेल्या या स्तोत्राच्या जुन्या प्रतींपैकी ही एक. मांधाता इथे मिळालेले परमार राजांचे ताम्रपटही अकराव्या ते तेराव्या शतकांतले आहेत. भोजाच्या लगेच नंतरचा जयसिंह आणि पुढचा देवपाल यांची दानपत्रे त्यांत येतात.

बेटाच्या माथ्यावर यात्रेकरूंची गर्दी पोहोचत नाही. तिथे सिद्धनाथाच्या मंदिराचे खांब, जोत्यावरची हत्तींची रांग, गौरी सोमनाथाचे उंच देऊळ, तटबंदीचे तुकडे आणि मोडक्या वेशी विखुरलेल्या आहेत. बेट आणि भग्नावशेष अशा दोन गोष्टी पाहायच्या म्हणून दोन गावे गाठणाऱ्यांना ही टेकडी एका चढणीत दोन्ही दाखवते. परिक्रमेची पायवाट याच अवशेषांमधून जाते. एकोणिसाव्या शतकापर्यंत या वाटेवर एक भीषण प्रथा होती : बीरखळा नावाच्या कड्यावरून भाविक नदीकाठच्या खडकांवर उडी घेऊन देह ठेवत. १८२४ मध्ये ती बंद करण्यात आली.

महेश्वरचा दावा याहून जुना आहे आणि तो बेटाच्या दाव्याला छेद देतो. पुराणांत आणि महाकाव्यांत कार्तवीर्य सहस्रार्जुनाची राजधानी म्हणून माहिष्मतीचा उल्लेख येतो. ती नगरी नर्मदेकाठी होती एवढे बहुतेकांना मान्य आहे, कुठे होती यावर मतभेद आहेत. एफ. ई. पार्जिटर आणि जे. एफ. फ्लीट यांनी ती मांधाता बेटावर मानली. महेश्वरची स्थानिक परंपरा तिला आपल्या घाटावर मानते. हा प्रश्न पुण्याच्या मंडळींनी कुदळीने सोडवायला घेतला. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या साथीने, १९५२-५३ मध्ये महेश्वर आणि समोरच्या तीरावरील नावडातोली इथे उत्खनन झाले. शां. भा. देव आणि बी. सुब्बाराव हे त्या चमूतले प्रमुख अभ्यासक. १९५७ ते १९५९ या काळात नावडातोलीला पुन्हा मोठे काम झाले.

माहिष्मतीची पाटी काही सापडली नाही. सापडले ते त्याहून मोलाचे होते : इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकातले ताम्रपाषाण युगातले शेतकऱ्यांचे गाव. कुडाच्या गोल आणि चौकोनी घरांच्या खांबांचे खळगे, तांबूस रंगावर काळ्या नक्षीची माळवा पद्धतीची भांडी, गहू आणि नंतरच्या थरांत तांदूळ. पुढे महाराष्ट्रात इनामगाव आणि दायमाबाद इथे याच माळवा संस्कृतीचे थर मिळाले, त्यामुळे नावडातोली हे मराठी प्रदेशाच्या आद्य शेतीच्या कहाणीतले एक आधीचे पान ठरते. इतके असूनही महेश्वरच्या घाटावरून नावेत बसणारे बहुसंख्य लोक नदीच्या मध्यावरच्या बाणेश्वराच्या छोट्या देवळापर्यंत जाऊन परत फिरतात. नावडातोलीच्या टेकाडांवर आता शेते आणि घरे आहेत, पाहण्यासारखे फारसे काही उघडे नाही, हे खरे. पण इतिहासाच्या दृष्टीने या फेरीतले सर्वांत जुने ठिकाण तेच आहे आणि ते बेतात धरले जात नाही.

मराठी पावले या वाटांवर आधी उमटली ती फौजांची. नर्मदेचे उतार ज्याच्या हाती त्याच्या हाती माळवा, हे अठराव्या शतकाचे गणित होते. मांडूच्या पायथ्याजवळचा अकबरपूरचा उतार त्यांत प्रमुख. नोव्हेंबर १७२८च्या अखेरीस चिमाजी आप्पांची फौज नर्मदा ओलांडून पठारावर चढली आणि २९ तारखेला अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरधर बहादूर मारला गेला. मल्हारराव होळकर आणि उदाजी पवार या मोहिमेत होते. पुढे मांडू पवारांच्या धार संस्थानात गेले, महेश्वर-इंदूर होळकरांकडे. तीन ठिकाणांच्या तीन वेगळ्या वाटा राहण्यामागे ही वाटणीही होती.

२८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडी इथे वारले. सनावदजवळ, दक्षिण तीरावर, तटबंदीच्या चौकात त्यांची समाधी आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांचा ओंकारेश्वरच्या प्रवासात अर्धा दिवस हमखास मागणारे हे ठिकाण. इंदूरकरांच्या बेतात ते बऱ्याचदा शेवटी शिरते आणि वेळ संपला की आधी गळते. एवढ्या वजनाच्या माणसाच्या वाट्याला हे यावे हे चमत्कारिक आहे, पण रस्त्याच्या आडबाजूला पडलेल्या गावाचे नशीबही तसेच असते.

१७६७ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राजधानी केली आणि या खोऱ्याचा नकाशा बदलला. वाडा, घाट, देवळे आणि कोष्ट्यांची वस्ती यांनी गाव भरले. इथली साडी त्याच वस्तीचे फळ आहे. वाड्यातली पार्थिव लिंगार्चनाची रोजची पूजा आजही चालू आहे. महेश्वर आणि पठार यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग जाम घाटाचा होता. अहिल्याबाईंच्या अखेरच्या वर्षांत घाटमाथ्यावर उभारलेला जाम दरवाजा त्याची साक्ष देतो. दोन कमानींच्या मध्ये उभे राहिले की खाली निमाड पसरलेले दिसते. पावसाळ्यात आता तिथे इंदूर-महूच्या तरुणांची झुंबड असते, पण जागा मुळात पहाऱ्याची आणि जकातीची. अहिल्याबाई १७९५ मध्ये वारल्या. महिदपूरला इंग्रजांनी होळकरांचा पराभव केल्यानंतर जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली आणि महेश्वर हळूहळू आठवणींचे गाव झाले. मागे राहिलेल्या विणकरांच्या मागांना नवी उभारी मिळाली ती १९७८ मध्ये होळकर घराण्याच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रेहवा सोसायटीमुळे.

कुटुंबासह प्रवास सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला तो रेल्वेने. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर मार्ग खांडव्यावरून सुरू झाला. त्याच वर्षी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंदूरपर्यंत फाटा आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. संस्थानिकाने साम्राज्याला कर्ज द्यावे ही गंमतच. मीटरगेज होळकर स्टेट रेल्वेचा खांडवा-सनावद हा टप्पा १ डिसेंबर १८७४ रोजी सुरू झाला. नर्मदेवरचा २०० फुटांच्या १४ गाळ्यांचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ रोजी खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते वाहतुकीला खुला झाला. सर्वांत अवघड काम विंध्याचा चढ. पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यात चाळीस फुटांना एक फूट अशी चढण, चार बोगदे, दऱ्यांवरचे पूल आणि उंच भिंती लागल्या. चढावर गाडीला मागून आणखी एक इंजिन लावावे लागे. गाडी कालाकुंडला थांबली की पळसाच्या पानावर कलाकंद विकत घ्यायचा ही इंदूरच्या कित्येक पिढ्यांची रीत होती.

या लोहमार्गाने ओंकारेश्वर पहिल्या नंबरावर आले. मोरटक्क्याच्या स्थानकापासून बेट अवघे १२ किलोमीटर. पुढचा प्रवास बैलगाडीने किंवा टांग्याने आणि शेवटी नावेने. सोमवती अमावास्या आणि कार्तिकी पौर्णिमेला गर्दी उसळे. दासगणू महाराजांच्या 'गजानन विजय' या पोथीत शेगावच्या गजानन महाराजांची ओंकारेश्वर यात्रा आली आहे : सोमवती पर्वणीच्या गर्दीत सडक सोडून मंडळी परतीला नावेत बसतात आणि नाव खडकावर आपटून फुटते. चमत्काराचा भाग श्रद्धेचा. पण भरलेली सडक, बेभरवशाची नाव आणि कसाही करून परत फिरण्याची घाई हे चित्र त्या काळच्या यात्रेचे म्हणून विश्वसनीय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडव्याहून अकोला-पूर्णा असा मीटरगेज मार्ग जोडला गेल्यावर वऱ्हाड-मराठवाड्यातली मंडळी थेट गाडीने मोरटक्क्याला उतरू लागली. आज शेगाव संस्थानाचे भक्तनिवास ओंकारेश्वरात आहे आणि मराठी कुटुंबांचा उतरण्याचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो.

मांडू या सगळ्यात मागे राहिले. रेल्वे तिथे गेलीच नाही. धारहून पस्तीस किलोमीटरची वाट, वस्ती विरळ, रान दाट. एकोणिसाव्या शतकात तिथे जाणारे बहुतेक महूच्या छावणीतले इंग्रज अधिकारी, शिकार आणि अवशेष अशा दुहेरी ओढीने गेलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धार दरबाराने इमारतींची डागडुजी सुरू केली. १९०२ मध्ये कॅप्टन अर्नेस्ट बार्न्स यांची धार-मांडूवरची पुस्तिका निघाली आणि त्याच वर्षी लॉर्ड कर्झन मांडू पाहून गेला. हैदराबादचे पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानी यांचे मांडूवरचे सविस्तर पुस्तक १९२९ मधले. मांडूत सगळीकडे दिसणारी अजस्र बुंध्याची गोरखचिंच मूळ आफ्रिकेतली. स्थानिक लोक मात्र तिला खुरासानी इमली म्हणतात आणि तिचा आंबट गर पुडीत बांधून विकतात.

मोटार आणि एस.टी.सारख्या बस यांनी अखेर तिन्ही वाटा जोडल्या. इंदूरहून धारमार्गे मांडू सुमारे शंभर किलोमीटर, मांडूहून कडा उतरून धामनोदमार्गे महेश्वर चाळीसच्या आसपास, तिथून उत्तर तीराने मंडलेश्वर-बडवाह, मोरटक्क्याचा पूल ओलांडून ओंकारेश्वर, आणि सिमरोलचा घाट चढून परत. या फेरीत घाट एकदाच उतरावा आणि एकदाच चढावा लागतो आणि पूल जाता-येता तोच, हे तिचे खरे शहाणपण. उलट्या दिशेने गेले तर मांडूची चढण दिवस कलताना येते आणि अवशेष पाहायला उजेड उरत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की इंदूरच्या घरात दोन दिवसांत तिन्ही उरकण्याचा आग्रह होतो, आणि त्यात मांडूला चार तास व ओंकारेश्वरच्या रांगेला पाच तास असा हिशेब बसतो. प्रत्येक ठिकाणाला सारखा वेळ देणे हे न्यायाचे वाटले तरी सोयीचे नसते. मांडूला रात्र हवी, महेश्वरला संध्याकाळ, आणि ओंकारेश्वरला भल्या पहाटेचा एक प्रहर. नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यांचा नियम तर आणखी कडक : परिक्रमा पूर्ण होईपर्यंत नदी ओलांडायची नाही, म्हणून बेटावरच्या ओंकारेश्वराला जल अर्पण करणे शेवटी येते.

एकविसाव्या शतकात नदीच बदलली. पुनासाचे इंदिरा सागर धरण पूर्ण होत असताना ३० जून २००४ ही हरसूद गाव रिकामे करण्याची अखेरची तारीख ठरली. लोकांना आपली घरे आपल्याच हातांनी पाडावी लागली. एकूण २४९ गावे या जलाशयाने बाधित झाली. पाणी चढल्यावर ज्या टेकड्यांचे माथे उरले ती नवी बेटे झाली. त्याच जलाशयाकाठी हनुवंतिया इथे २०१६ पासून जलमहोत्सव भरतो, तंबूंत राहायची सोय होते आणि बोटी फिरतात. सैलानी बेटावरही पर्यटन विभागाचे निवास आहे. इंदूरच्या कुटुंबांच्या यादीत हनुवंतियाचे नाव झपाट्याने वर गेले. मांडूच्या भग्नतेला पाचशे वर्षांचे अंतर आहे, म्हणून ती देखणी वाटते. हरसूदची भग्नता पाण्याखाली आहे आणि तिच्यात राहिलेली माणसे अजून छनेरा या पुनर्वसनाच्या गावी भेटतात. खाली ओंकारेश्वरचे धरण २००७ मध्ये कार्यान्वित झाले. त्याची पातळी वाढवण्याविरुद्ध २०१२ मध्ये घोगलगावच्या लोकांनी सतरा दिवस पाण्यात उभे राहून सत्याग्रह केला.

ओंकारेश्वरच्या बेटावर आद्य शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला आहे. त्याचे अनावरण १८ सप्टेंबर २०२३ रोजी व्हायचे होते, पण नर्मदेला पूर आल्याने ते २१ तारखेवर ढकलावे लागले. अशा पुरात मोरटक्क्याचा पूलही वाहतुकीला बंद होतो आणि अवघी फेरी महेश्वरवर अडते, म्हणून श्रावण-भाद्रपदात निघणारे जाणकार मांडू आधी आणि ओंकारेश्वर जमले तर, असा बेत आखतात. महूच्या पुढची मीटरगेज गाडी रुंदीकरणासाठी २०२३च्या सुरुवातीला बंद झाली. २०१८ मध्ये सुरू झालेली पाताळपाणी-कालाकुंड ही पर्यटकांची गाडी त्या जुन्या चढणीचा एक तुकडा दाखवते. पण राजेंद्र नगरहून रेल्वेने मोरटक्क्याला जाण्याची सोय मीटरगेज बंद झाल्याने थांबली आणि बेटाची वाट पुन्हा सिमरोलच्या घाटरस्त्यावर आली.